शिकारीच्या माळाचा भाव
दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या गॅलरीत मिरचीच्या कुंडीला पाणी घातलं की तांबड्या मातीचा वास उठतो आणि मला तो एजंट आठवतो. शारजातल्या हॉटेलात तो गावाकडच्या जमिनी विकायला आला होता. टेबलावर काचेच्या बरणीत नमुन्याची माती होती. मला आईच्या नावावर एकरभर घ्यायची होती. “मॅडम, इथे पूर्वी राजे शिकारीला यायचे! आजही रानडुकरं दिसतात. एकरी वीस लाख, म्हणजे फक्त ऐंशी हजार दिरहम!” नवऱ्याने लगेच मान डोलावली; दिरहममध्ये सांगितलं की आम्हाला सगळंच स्वस्त वाटतं. पण मी शेतकऱ्याची मुलगी. म्हटलं, “राजे शिकारीला यायचे, म्हणजे तिथे काही पिकत नव्हतं. आणि डुकरं असली की जमिनीचा भाव उतरतो, चढत नाही. शेजारचं शेत कितीला गेलं, ते सांगा.” तो म्हणाला, “मॅडम, घ्यायला रांग लागलीय.” नवरा कुजबुजला, “अगं, हळू बोल.” मी आवाज आणखी चढवला, “मग रांगेलाच द्या! मला ही बरणी पुरे.” टळो एकदाची म्हणून त्याने ती दिली. त्याच मातीत मी ही मिरची लावली. दोन वर्षं झाली, नुसती पानं येतात, मिरची एक नाही. नवरा म्हणतो, टाकून दे. मी बरी टाकीन! पुरावा आहे तो.