पावणेदोनशे वर्षांचं सुतक

शेजारच्या घरातून कांद्याच्या फोडणीचा वास येईनासा झाला, हे आधी सासूबाईंच्याच लक्षात आलं. रोज सकाळी नाकाला पदर लावून "मेला तो वास" म्हणायच्या त्याही त्याच. पण दोन दिवस वास आला नाही तर त्यांना चैन पडेना. आम्ही तेव्हा कल्याणात स्टेशनाजवळच्या आळीत राहत होतो. इकडच्या स्वारीची नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर. भिंतीला भिंत लागून रेल्वेच्या कारखान्यातला एक पंजाबी मिस्तरी राहायचा, लांब दाढी, डोक्याला फेटा, जातीचा शीख. त्याच्या बायकोला आम्ही मिस्तरीण म्हणायचो. दोघंच राहत होती.

आमच्या सासूबाई म्हणजे सोयरसुतकाचं चालतंबोलतं पंचांग. आळीत कुणाचं अडलं की भटजींच्या आधी यांना विचारायचे. त्यांच्या शास्त्राचा तडाखा मलाही बसला होता. त्याच वर्षी श्रावणात माझा पहिला मुलगा तापाने गेला, अकरा महिन्यांचा होऊन. दिवाळीनंतर मला पुन्हा दिवस राहिल्याचं कळलं आणि सासूबाईंनी सांगून टाकलं, गेलेल्याचं नाव काढायचं नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, पोटातल्याला बाधतं. त्याची झबली, कुंची, सगळं सुईणीला देऊन टाकलं म्हणाल्या. मला मात्र त्याचं नाव घ्यायचं असे. इतकं घ्यायचं असे की जीव गुदमरायचा. मग मी विहिरीवर रहाट कुरकुरायला लागला की त्या आवाजात हळूच म्हणून घ्यायची.

तर पौषातली ती सकाळ. सासूबाईंनी परसातल्या कुडाच्या फटीतून पलीकडे पाहिलं. "सहज नजर गेली," असं त्यांचं म्हणणं. सहज गेलेली नजर चांगली घटकाभर तिथेच होती. मिस्तरिणीची बाज भिंतीशी उभी केलेली, भुईवर गवताचं अंथरूण, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि चुलीवर नुसती उकडलेली डाळ. सासूबाईंनी आत येऊन निकाल दिला.

"सुतक आहे. आणि शेजारीपाजारी कळवायची पद्धत नाही मेलीला."

सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलंभात पोचवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. वासावरून वर्षभर धुसफुसलेल्या बाईंनी तासाभरात पिठलं ढवळलं, भात उतरवला आणि मला बरोबर घेऊन निघाल्या. वाटेत धडे सुरू. "तू पोटुशी आहेस, अंगणातच उभी राहा. कशाला शिवू नकोस. आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही, समाचाराला गेलं की तसं म्हणत नाहीत." वाट दहा पावलांची होती, धडे पुरून उरले.

मिस्तरीण दारात आली आणि पिठल्याकडे बघतच राहिली. सासूबाईंचं हिंदुस्तानी म्हणजे मराठीलाच मिशा लावलेल्या. "तुमारे में कौन गया? हमकू कायकू नहीं सांग्या?"

तिने सावकाश सांगितलं म्हणून मलाही कळलं. गेले होते त्यांच्या दहाव्या गुरूंचे धाकटे दोन मुलगे. एक नऊ वर्षांचा, एक सात. सरहिंदच्या सुभेदाराने धर्म सोडा म्हणून धमकावलं, पोरं बधली नाहीत, तेव्हा त्याने त्यांना भिंतीत चिणलं. म्हणून पौषातले हे चार दिवस तिच्या घरी गोडधोड नाही, फोडणी नाही, बाजेवर निजणं नाही.

"कब?" सासूबाईंनी विचारलं.

"पावणेदोनशे बरस हो गये, माँजी."

सासूबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. आमच्यात गेल्याची बातमी वर्षानंतर कळली तर नुसती आंघोळ करायची. पण पावणेदोनशे वर्षांना काय लावायचं? माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "आंघोळच, दुसरं काय." मला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून मी खोकल्याचं सोंग केलं.

मिस्तरीण सांगतच होती. पोरांबरोबर त्यांची आजी होती. ऐन थंडीत तिघांना उंच बुरुजात डांबलेलं, अंगावर पांघरूण नाही. आजी त्यांना कुशीत घेऊन बसून राहिली. शिपाई न्यायला आले तेव्हा तिनेच त्यांचे केस विंचरले, फेटे बांधले आणि पाठवणी केली.

"आजीनं?" सासूबाईंनी मराठीतच विचारलं. आणि त्या खाली बसल्या. उंबऱ्यावर बसू नये म्हणून मला शंभरदा टोकणाऱ्या सासूबाई त्या परक्या उंबऱ्यावर बसल्या, आणि किती तरी वेळ उठल्या नाहीत.

पिठल्याला चरचरीत फोडणी होती. मिस्तरिणीने ते तोंडात घातलं नाही, पण पातेलं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "येते हं."

घरी येऊन त्यांनी नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ केली. उगाच शास्त्राची कुरकुर नको. मग आपली पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि कुंची बाहेर काढली. कडेला मी घातलेला लाल गोट मला लांबूनच ओळखू आला.

"सुईणीला दिली होतीत ना?" मी म्हटलं.

"बाकी सगळं दिलं. ही राहिली." त्यांनी ती मांडीवर पसरली. "त्या दिवशी मीच घातली होती त्याला. हुडहुडी भरली होती गं पोराला."

इतके महिने मला वाटत होतं, या घरात तो माझ्या एकटीचाच गेला.

"वर्षातून एक दिवस नाव घेतलेलं चालतं," डोळे न पुसताच त्या म्हणाल्या. "शास्त्रात आहे."

कुठल्या शास्त्रात, हे विचारायची माझी छाती नव्हती. मी तोंड उघडलं, पण विहिरीवर रोज निघणारं नाव तिथे काही केल्या निघेना. मग सासूबाईंनीच घेतलं. मोठ्याने, दुपारच्या झोपेतून उठवायला त्या त्याला हाक मारायच्या, अगदी तसं.