तेवीस गावं, एक क्रेन

कुंभार पिंपळगावच्या वीज कार्यालयात साधना कनिष्ठ अभियंता होती. मे महिन्यात एका दुपारी वादळ आलं आणि तिच्या हद्दीतले त्र्याण्णव खांब आडवे झाले. तेवीस गावांची वीज गेली. हाताशी माणसांच्या तीन टोळ्या आणि खांब उचलायला एकच क्रेन.

दुसरा दिवस धावपळीतच वाया गेला. ज्या गावाचा फोन आधी, तिकडं टोळी पळायची. क्रेनचा निम्मा वेळ रस्त्यातच गेला. दिवस मावळला तरी एकाही गावात दिवा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिनं सगळ्यांना गोळा केलं. लाइनमन पुंजाराम सव्वीस वर्षं याच शिवारात फिरलेले. तिनं त्यांनाच विचारलं, "काका, सगळ्यात जास्त गावं कोणत्या लाइनीवर?"

"नदीकडच्या. तेरा गावं अन् सरकारी दवाखाना. पण त्यात गव्हाणवाडी न्हाई, मॅडम."

गव्हाणवाडी म्हणजे साधनाचं सासर.

"ठाऊक हाय. तरी तिन्ही टोळ्या तिकडंच न्या. एकीनं खड्डे खंदायचे, दुसरीनं क्रेनसोबत खांब उभे करायचे, तिसरीनं मागून तार ओढायची."

दुपारी सासूचा, तुळजाबाईंचा फोन आला. "गावातल्या बाया मला बोलून राह्यल्या. सून साहेब असून आपण अंधारात! टाकीत पाणी बी न्हाई."

एक टोळी तिकडं वळवणं साधनाच्याच हातात होतं.

"आत्याबाई, आपला नंबर उद्या. पण खड्डे तयार असले तर जल्दी होईल. पुंजारामकाका चुन्याच्या खुणा करून देतील. तारेला मात्र कुणी बिलकुल हात लावायचा न्हाई."

"बरं. मंग पहार काढते मी," तुळजाबाई म्हणाल्या.

रात्री आठला नदीकाठची तेरा गावं उजळली. सकाळी टोळ्या गव्हाणवाडीला पोचल्या, तर नऊ खड्डे बराबर मापात तयार होते. एका ठिकाणी खडक लागला होता. बायांनी तोही फोडला होता. दुपारी तीनला टाकीवरची मोटार सुरू झाली.

"घरी चल, दोन घास खा," तुळजाबाई म्हणाल्या.

"अजून नऊ गावं राह्यलीत, आत्याबाई."

त्यांनी भाकरी फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. साधनानं ती जीपमध्येच खाल्ली आणि पुढच्या गावच्या सरपंचांना फोन लावला, "खड्डे खंदायला माणसं मिळतील का?"

पाचव्या दिवशी संध्याकाळी तेविसाव्या गावात वीज आली.