कापायचा राहिलेला अर्धा मार्क

बारावीला मी मॅथ्स ठेवलं ते निव्वळ हट्टाने. आमच्या नाहूरच्या चाळीत सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे जो तो सल्ला द्यायला मोकळा. बायोलॉजी घे, मॅथ्स सोड, मुलींना कशाला ती डोकेफोड! शेजारच्या काकांनी तर माझ्यादेखत वडिलांना सांगितलं, "पोरगी आपटणार बघा." झालं! मी तिथल्या तिथे ठरवलं, आता मॅथ्सच. आणि पहिल्याच टेस्टमध्ये आपटले. पंचवीसपैकी चार.

मराठी शाळांतून आलेले आम्ही मुलुंडच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मागच्या बाकांवर एकमेकांना धरून बसायचो. पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. कॅल्क्युलस सुरू झालं की पुढच्या बाकांवर माना हलायच्या आणि आमच्याकडे शुकशुकाट. माझा तो चार मार्कांचा पेपर हातात देताना मॅथ्सच्या मॅडम म्हणाल्या, "सुटल्यावर थांब." मला वाटलं, आता वाट लागली. तर त्यांनी रिकाम्या वर्गात मला शेजारी बसवलं आणि चक्क मराठीत शिकवायला घेतलं.

"घाबरतेस कशाला? इंग्रजी ठेव बाजूला. काहीतरी बदलतंय, ते किती वेगाने बदलतंय, एवढंच विचारलंय ना?"

एवढंच? मग हे आधी कोणी का नाही सांगितलं? मी तसं तोंडावर विचारलं, आणि त्या खळखळून हसल्या. पुढे ते रोजचंच झालं. मागच्या बाकांवरचे बाकीचेही थांबायला लागले. मॅडम ना घड्याळ बघायच्या ना तोंड वाकडं करायच्या. माझा जीव जडला त्या बाईवर, सरळ सांगते. घरीसुद्धा सारखं मॅडम असं म्हणाल्या न् मॅडम तसं म्हणाल्या. शेवटी धाकटी बहीण वैतागून म्हणाली, "मग जा ना त्यांच्याकडेच राहायला."

गणपतीनंतर आम्हा मुलींच्या लक्षात आलं. मॅडम फळ्याशी उभं राहताना एक हात टेबलावर टेकायला लागल्या होत्या आणि पदर पुढून घ्यायला लागल्या होत्या. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्या कॉलेजजवळच राहायच्या, त्यामुळे मुलुंडच्या मुलींना सगळं ठाऊक: किती डॉक्टर झाले, किती उपासतापास झाले, सासू काय काय बोलते. एकदा सुटल्यावर आम्ही मुलीच उरलो होतो, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "फार वाट बघितली गं आम्ही." आणि लगेच लाजून डस्टर शोधायला लागल्या.

मी आईला सांगितलं. आमची आई सिंधुदुर्गातली, तिला डोहाळे म्हटलं की राहवेना. "तिका आंबट काय तरी नेऊन दी गो," म्हणत तिने मीठ लावलेले आवळे बांधून दिले. मग वर्गालाच चेव आला. कॉलेजच्या मागे चिंचेचं झाड होतं. मुलगे दगड मारून हिरव्या चिंचा पाडायचे, आम्ही त्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचो. मॅडम आधी ओरडायच्या, "झाडावर दगड मारता? डोकी फुटतील कोणाची तरी." मग फळ्याकडे तोंड करून हळूच एक तोंडात टाकायच्या. त्यांना वाटायचं, आम्हाला कळत नाही. पण आंबटाने त्यांचा खांदा असा वर उडायचा की अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा.

रजेवर जायच्या आधी त्यांना इंटिग्रेशन सुरू करून द्यायचं होतं. त्या दिवशीचं मला अजून पाठ आहे. त्यांनी फळ्यावर एक्सचा वर्ग अधिक पाच लिहिलं आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं. आलं टू एक्स. "पाच कुठे गेला?" कोणीतरी म्हणालं, "झिरो झाला." "बरोबर. इंटिग्रेशन म्हणजे उलटं मागे जायचं. आता फक्त हे टू एक्स बघून सांगा, मुळात तिथे पाच होता की पन्नास?" आम्ही एकमेकांच्या वहीत डोकावलो. "नाही सांगता येणार. पण काहीतरी होतं. आत्ता दिसत नाही म्हणून ते नव्हतंच, असं धरायचं नाही. म्हणून त्या न दिसणाऱ्या आकड्यासाठी उत्तराच्या शेवटी प्लस सी लिहायचं. जो विसरेल त्याचा अर्धा मार्क कापणार. रडलात तरी कापणार."

आणि खरंच कापायच्या. माझे तर असे किती अर्धे गेले. मग त्यांनी एक खेळच केला. गणित संपत आलं की खडू हवेत धरून थांबायच्या, आणि सगळा वर्ग ओरडायचा, "प्लस सी!" शेजारच्या वर्गातले सर येऊन तक्रार करून गेले, पण आम्ही कसले ऐकतोय!

रजेच्या आदल्या दिवशी कोणीतरी विचारलं, "मॅडम, पेढे की बर्फी?" मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. वर्गात लगेच दोन पार्ट्या पडल्या. मी बर्फीवाली. मॅडम म्हणाल्या, "जे होईल ते आणीन. तोवर इंटिग्रेशन पक्कं करून ठेवा."

मग फिजिक्सचे सर आम्हाला मॅथ्स शिकवायला लागले. ते पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचे आणि आम्ही फळ्यावरचं वहीत. मी दिवस मोजत होते. आईने जुन्या नऊवारीचं मऊ दुपटं शिवायचं ठरवलं होतं, पण जन्माआधी सुई लावायची नाही म्हणून लुगडं नुसतं धुऊन ठेवलं होतं.

जानेवारीत एके सकाळी फिजिक्सच्या सरांऐवजी दारात मॅडम उभ्या. त्या अजून रजेवर असायला हव्या होत्या. आम्हाला वाटलं, खास पेढे द्यायला आल्या! दुसरं काही डोक्यात आलंच नाही हो कोणाच्या. पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली. "पेढे की बर्फी! पेढे की बर्फी!" पुढचे बाक, मागचे बाक, सगळा वर्ग. मीही ओरडत होते, मोठमोठ्याने.

मॅडम टेबलापर्यंत आल्या. हातात फक्त मॅथ्सचं पुस्तक होतं. आवाज थोडा कमी झाल्यावर त्या म्हणाल्या, "दोन्ही नाही रे."

एवढंच. मग त्यांनी पुस्तक उघडलं, फळा पुसला आणि गणित लिहायला घेतलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी कोणाकडे बघेना. मॅडमचं अक्षर तसंच होतं, टपोरं, एका रेषेत. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. उत्तर आलं आणि सवयीने त्यांचा खडू हवेत थांबला.

कसे ओरडणार आम्ही? त्या आमच्याकडे पाठ करून थांबल्या होत्या.

"अरे, बोला ना," त्या म्हणाल्या. "काय राहिलं?"

कोणीतरी पुटपुटलं, "प्लस सी." मग हळूहळू सगळे. देवळात म्हणतात तशा आवाजात. मॅडमनी सी लिहिला. मग त्याच सीवरून पुन्हा खडू फिरवला. पुन्हा फिरवला. घंटा होईपर्यंत त्या तो सी गिरवत राहिल्या, आणि आम्ही बघत राहिलो.

दुपारी केमिस्ट्रीच्या मॅडमनी आम्हा मुलींना बाजूला घेऊन सांगितलं. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. घरी बसवत नाही म्हणून त्या रजा सोडून आल्या होत्या. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीपुढून उठली, दोरीवरचं ते धुतलेलं लुगडं ओढून पेटीत तळाशी घातलं आणि डोळे पुसत म्हणाली, "तिका काय एक इचारू नको हां. अभ्यास कर तेवढो."

तेवढंच माझ्या हातात होतं, म्हणून तेच केलं. चिंचा आता पिकून खाली पडायच्या, पण त्या बाजूला कोणी फिरकायचं नाही. प्रिलिममध्ये मला मॅथ्सला चक्क फर्स्ट क्लासचे मार्क पडले. पेपर चाळताना एका गणितापाशी थांबले. सी लिहायचा विसरले होते. मॅडमनी तो लाल पेनाने स्वतः लिहिला होता, आणि मार्क पूर्ण दिले होते.

का कोण जाणे, मला रागच आला. मला माझ्या आधीच्या मॅडम परत हव्या होत्या, चिंच खाणाऱ्या, रडलात तरी कापणार म्हणणाऱ्या. मी पेपर घेऊन तरातरा स्टाफरूममध्ये गेले.

"मॅडम, माझा अर्धा मार्क कापायचा राहिलाय."

त्यांनी पेपर बघितला. "असू दे."

"नाही, कापा. तुम्हीच म्हणाला होतात, रडलो तरी कापणार." आणि बोलता बोलता रडायला मलाच आलं.

मॅडमनी माझ्या हातातून पेपर घेतला, त्याची नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला.

"आता कापवत नाही गं," त्या म्हणाल्या.