डोंगर बघायला काढलेली रजा

कुवेतच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने आमच्या बॅगा काट्यावर घेतल्या, आकडा पाहिला आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं. "बस, इतना ही?" त्याने विचारलं. त्याचंही बरोबर होतं. रजेवर निघालेलं कोकणातलं कुटुंब, आणि सामान मर्यादेच्या कितीतरी खाली! तुमच्यापैकी जे इकडे आहेत त्यांना आमच्या बॅगा कशा भरतात ते सांगायला नको. घरात हुकाचा काटा असतो. बॅग त्याला टांगायची, दुधाच्या पावडरीचा एक डबा बाहेर काढायचा, बामच्या बाटल्या आत सारायच्या, पुन्हा टांगायची. गावच्या वहिनीसाठी ब्लँकेट, कुणाची बॅटरी, कुणाचं अत्तर. या वेळी आत स्वेटर होते आणि माझ्या लेकीचा, सानिकाचा कॅमेरा. कुणासाठी काही नव्हतं. बॅग उचलताना हात सवयीच्या जोराने एकदम वर गेला, आणि मला चोरट्यासारखं वाटलं.

कारण आम्ही गावाला चाललो नव्हतो. आम्ही जॉर्जियाला चाललो होतो, डोंगरातली पानगळ बघायला.

मी देवगडच्या बाजूचा. घरची हापूसची कलमं आहेत. आयटीआय करून इकडे निघालो तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटी स्टँडवर आले होते. त्यांनी उपदेश असा काही केला नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "रजा गावली की सरळ घराक ये. मधी खंय थांबू नको." मी कुठे थांबलोही नाही. कुवेतला शुवैख भागातल्या एका गॅरेजमध्ये रंग मिसळायच्या कामाला लागलो. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसला की त्याचा रंग जुन्या गाडीशी असा जुळला पाहिजे, की मालकालासुद्धा जोड सापडू नये. ते काम अजून करतो. लग्न झालं, अनिता इथे आली, सानिका इथेच जन्मली आणि आता कॉलेजला जाण्याइतकी झाली. एवढ्या वर्षांत मिळालेली प्रत्येक रजा गावाला गेली. कधी जूनच्या तोंडावर, शेवटचे आंबे पदरात पाडून घ्यायला. नाहीतर गणपतीला. गल्फमध्ये राहणाऱ्या माणसाची रजा त्याची नसतेच मुळी, ती घरची असते. इकडे कुणी 'सुट्टीवर चाललो' म्हटलं की कुठे असं कुणी विचारत नाही, किती दिवस एवढंच विचारतात.

सानिकाने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर बहुतेक इंग्रजीतच येतं. "बाबा, हॅव यू एव्हर गॉन एनिव्हेअर? लाइक, जस्ट टु लुक?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. पोरीने कुवेतमध्ये झाडं पाहिली ती रस्त्याकडेची, पाइपच्या पाण्यावर जगणारी, वर्षाचे बारा महिने एकाच हिरव्या रंगाची. त्या हिरव्याचा डबा मी डोळे मिटून मिसळून देईन. पानगळ तिला फक्त पडद्यावर ठाऊक होती. पुढच्या वर्षी ती शिकायला दूर जाणार. आणि खरं सांगतो, मलाही उत्सुकता होतीच. लाल रंगाशी माझं जुनं वैर आहे. जुळवायला तोच सगळ्यात छळतो, इथल्या उन्हात सगळ्यात आधी तोच उडतो. आणि तिकडे म्हणे अख्खे डोंगर आपापले लाल होतात, तेही थंडी पडताना. कसे होत असतील? आमच्या अकाम्यावर, म्हणजे कुवेतच्या रहिवासी परवान्यावर, तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. सानिकाला ऑक्टोबरात आठवडाभर सुट्टी होती. फक्त एक गोष्ट करावी लागणार होती. गणपतीची रजा तिकडे वळवावी लागणार होती.

ते अण्णांना फोनवर मीच सांगितलं. आधी त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग म्हणाले, "डोंगर बघूक रजा? आमचो डोंगर काय झिजलो?" आणि फोन वहिनीच्या हातात दिला.

त्यानंतर अण्णा फोनवर येईनात. गणपती आले नि गेले, आरतीचा आवाज मी वहिनीच्या फोनवरून ऐकला. अण्णांना द्या म्हटलं की वहिनी म्हणायची, "अण्णा बागेत गेले." सकाळी बागेत, दुपारी बागेत, पाऊस धो धो कोसळत असला तरी बागेत. बिचारीला दुसरी थाप सुचत नव्हती. मला सुरुवातीला हसू आलं, मग राग आला, आणि मग नुसती भीती वाटायला लागली. अण्णांची ऐंशी आता फार लांब नाही. या वयात धरलेला अबोला सुटायच्या आधीच माणूस गेला तर? त्या भीतीसकट मी विमानात बसलो. अनिता म्हणाली, "आता निघालोच आहोत, तर निदान तोंड पाडून बघू नका."

राजधानी तिबिलिसीपासून बरंच वर, डोंगरातल्या एका गावात आम्ही उतरलो. मनाना नावाच्या बाईंचं घर होतं, वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. पोचलो तेव्हा धुकं होतं. सकाळी खिडकी उघडली आणि समोरचा डोंगर बघून माझ्या तोंडून मालवणीत काहीतरी निघालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिवळा, नारिंगी, विटकरी, आणि मधे मधे असा तांबडा की मी गॅरेजमध्ये कुणाला सांगितला असता तर थापाड्या म्हणाले असते. एका झाडावर चार रंग. एका पानावर तीन. कड तांबडी, मधे पिवळं, शिरांच्या बाजूने अजून हिरवं. आमच्याकडे दोन रंगांची सीमा अशी सोडली तर फोरमन गाडी परत पाठवेल.

मी फोनवर फोटो काढत सुटलो. सगळे टोमॅटो सॉस सांडल्यासारखे आले. सानिका माझ्याकडे बघून हसली. "बाबा, वेट फॉर द क्लाउड." ऊन होतं तोवर ती कॅमेऱ्याला हात लावायची नाही, दगडावर बसून राहायची. ढग आला की उठायची. आणि खरंच, ढगाखाली रंग आत मुरल्यासारखा गडद व्हायचा. आम्हीसुद्धा रंग जुळला का ते उन्हात बघतो आणि सावलीतही बघतो, पण झाडाला तसं बघावं हे मला सुचलं नव्हतं. तिला अजून एक गोष्ट माहीत होती. पिवळा रंग पानात आधीपासून असतो म्हणे, हिरवा उतरला की तो नुसता दिसायला लागतो. म्हणजे खालचा कोट! पण लाल आधी नसतो. पान गळायच्या आधी झाड तो नव्याने बनवतं. का, ते विचारलं तर शास्त्रज्ञांचंही पूर्ण एकमत नाही असं ती म्हणाली. मला हे फार आवडलं. जाता जाता कुणी घराला नवा रंग कशाला काढेल?

त्यातला एक फोटो, सानिकाने काढलेला, मी वहिनीला पाठवला. अनिता म्हणाली, कशाला जखमेवर मीठ चोळता? पण राहवलं नाही. एवढं बघायचं आणि गावाला दाखवायचं नाही, हे जमेना.

दुपारी वहिनीच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. उचलला तर पडद्यावर नुसता एक कान. अण्णांचा.

"कोणाची रे ही बाग?" ना बरा आहेस का, ना काही.

"बाग न्हय अण्णा, रान आसा."

"येवढी पालवी! आणि ऑक्टोबरात! तेंका सांग, मालकाच्या हाताक ह्या सालाक कायएक लागाचा नाय."

एक क्षण मला कळेचना. मग कळलं, आणि हसू आवरेना. ज्यांच्या घरी कलमं नाहीत त्यांना सांगतो. आंब्याचं पान जन्मतं तेच तांबूस. आमच्याकडे तांबडं पान म्हणजे बाळ पान, नवी पालवी. आणि पाऊस लांबून कलमांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरभरून पालवी टाकली की बागायतदाराला वर्ष बुडायची धास्ती, कारण ती कोवळी पालवी जून, कडक झाल्याशिवाय मोहोर येत नाही. अण्णांनी अख्खा तांबडा डोंगर पाहिला आणि त्यांना परक्या देशातल्या कुणा अनोळखी मालकाची काळजी वाटली. तेवढ्यासाठी ते माझ्यावरचा राग विसरून फोनवर आले होते.

"अण्णा, ही पालवी न्हय. ही जुनी पानां. आता पडतली."

"पडतली? लाल होवन?" त्यांचा विश्वास बसेना. "पान हातात घेवन बघ. नरम आसा काय करकरीत?"

मी खाली पडलेलं पान चुरगाळून फोनजवळ धरलं. आवाज ऐकून त्यांना पटलं. पुढचे तीन दिवस आमची सहल अण्णाच चालवत होते. पान देठातून तुटतं की मधूनच? एका बाजूचं झाड आधी लाल का होतं, तिकडे वारा लागतो काय? मनानाबाईंनी अंगणातली पानं दाताळ्याने ओढून लसणाच्या वाफ्यांवर पसरली, ते दाखवलं तर खूश झाले. "पातेरो! मगे शाणी आसत माणसां." एकदा त्यांनी विचारलं, पान पडलं तिथे देठाच्या बुडाशी डोळा आहे का ते बघ. मला दिसेना. सानिका पुढे आली. "आजोबा, वेट हां, झूम करते." तिने कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो काढला आणि पाठवला. पान गळालं होतं त्याच जागी, घट्ट मिटलेला, तपकिरी, मोहरीएवढा कोंब. पुढच्या वर्षीचा. बर्फ पडायच्या आधीच तयार.

"आसा मां डोळो!" अण्णा तिकडे जवळजवळ ओरडले. मग शांतपणे म्हणाले, "मगे ता पान मराक नाय रे. तेचा काम झाला."

मी डोंगराकडे पाठ करून उभा राहिलो. अनिताने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. अण्णा बोलत होते, एवढंच झालं होतं.

सानिकाने नंतर शोधून सांगितलं की आंब्याच्या कोवळ्या पानातला तांबडा आणि या गळत्या पानातला तांबडा, दोन्ही एकाच जातीच्या द्रव्याचे. अण्णांना ते सांगितलं. ते म्हणाले, "मगे माझा काय चुकला?" त्यांना जिंकायचं होतं, आणि मीही जिंकू दिलं.

परत आलो. शुवैखमध्ये तोच उकाडा, तेच डबे, कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला, तोच चहा. एक लाल गाडी आली तेव्हा मी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत बसलो, फोरमन म्हणाला, यल्ला, यल्ला, आटप लवकर. तेव्हाच मनात आलं की इतकी वर्षं मी फक्त दोन जागांत जगलो. इथे काम आणि तिथे रजा. मधलं जग विमानाच्या खिडकीखालून निघून जायचं.

पुढच्या शुक्रवारी फोन केला तर अण्णांनीच उचलला. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, "फुडल्या रजेक खंय?"

मी हुशारीने, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "खंय म्हणजे? गणपतीक घराक."

"येशीत रे," ते म्हणाले. "पण हयसर बघूचा काय रवला? हयसरचा तुका सगळा म्हायत."

मला हो म्हणता येईना. गाव मला पाठ आहे असं मीही समजत होतो. पण मला ठाऊक होता तो रजेच्या दिवसांतला गाव. पिकलेला आंबा मला ठाऊक, आरास ठाऊक, पावसातली लाल माती ठाऊक. थंडीतलं आमचं घर मी गाव सोडल्यापासून पाहिलंच नव्हतं. पालवी जून होताना, पहिला मोहोर फुटताना, त्याचा वास अंगणात येताना मी दर वर्षी शुवैखमध्ये कुणाच्या तरी गाडीचा रंग जुळवत होतो. परक्या डोंगरातली झाडं मी त्यांचा ऋतू साधून, ढगाची वाट बघून पाहिली. आमच्या कलमांना मात्र मी माझ्या सोयीने भेटत आलो. जिथे जन्मलो त्या घराचं मला अर्धंच वर्ष माहीत आहे, आणि बाकीचं अर्धं अजून बघायचंय. हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली.

"अण्णा," मी म्हटलं, "मी हयसर इल्यापासना आपल्या कलमांचो मोहोर बघूक नाय."

"खरा?" त्यांनी विचारलं. बहुधा त्यांच्याही हे आताच लक्षात येत होतं. मग म्हणाले, "मगे आंबे खावक येव नको. बघूक ये."