पायाला लागणारा जोड

आमच्याकडे कार्पेटच्या कामाला नेहमी येणारे गृहस्थ माणसांशी तुटकच बोलतात. फर्निचरला मात्र, "अहो, सरका जरा," म्हणतात.

आईच्या खोलीतल्या कार्पेटचा जोड उसवून ठळक दिसायला लागला, म्हणून परवा त्यांना बोलावलं. जोड चिकटवायची इस्त्री तापेपर्यंत ते आईची खोलीतली ये-जा बघत बसले. आईला आता जेमतेम दिसतं. जोड पायाला लागला, की ती बाथरूमकडे वळते.

काम झालं. जोड दिसेनासा झाला, पण हाताला बारीक उंचवटा लागला.

"थोडं राहिलंय का?" मी विचारलं.

"राहिलं नाही. ठेवलंय."

तेवढ्यात आई आली. तिचा पाय जोडावर थांबला आणि ती बाथरूमकडे वळली.

त्यांनी पलंग जागेवर लोटला आणि त्यालाच हळूच म्हणाले, "बघितलंत?"