समोरच्या अंगणातला धुराचा अंदाज

बालाघाटला असताना समोरच्या अंगणात रोज एक बाई दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. पापडाच्या खाटेशी कमरेवर हात ठेवून ती राइसमिलचं धुराडं न्याहाळायची आणि साऱ्या गल्लीला बजावायची, "आज भुसा जाळून राह्यले, राख उडन. पांढरे कपडे वाळू नका घालू." कोळशाचा धूर असला की कपड्यांना परवानगी मिळे, तीही नाक मुरडून; पापडांना मात्र नाही. अंदाज निम्म्या वेळा चुकायचा, तरी गल्ली तिचंच ऐकायची. मीसुद्धा.

पुढे मिलमध्ये विजेची मोटर बसली आणि धुराडं थंड पडलं. बाईचा चेहराच उतरला. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "अहो, वीजसुद्धा लांब कुठेतरी कोळसा जाळूनच तयार होते."

"म्हंजे तिकडंबी बाया असतीन ना, पापड घालनाऱ्या?"

"असतील की."

दुसऱ्या दिवशी ती तशीच कमरेवर हात ठेवून उभी होती, पण नजर विजेच्या तारांवर होती.

"भाऊ, मिल तं पहाटपासूनच चालून राह्यली," ती काळजीनं म्हणाली. "तिकडच्या बायांले कोन सांगन?"