सागवानावरची गौर

सुमंगलाबाईंना घरांचे पत्ते आठवत नसत, जमिनी आठवत. यजमान मारुतराव धान्याच्या मंडीत नोकरीला. बदली आली की ट्रंका उचलायच्या. धारची जमीन शेणानं सारवलेली, पायाला ऊबदार. लोहारद्याचा कोबा पावसाळ्यात घाम गाळायचा. सोनकच्छला एक फरशी डुगडुगायची. मारुतराव गुळाच्या डब्याकडे निघाले की हीच आधी चहाडी करायची. दर भादव्यात ओल्या हळदीकुंकवात मूठ बुडवून बाई त्या त्या जमिनीवर गौरीची पावलं उमटवत. गौर चालली की घर आपलं, मग भिंती कोणाच्याही असोत.

मारुतराव गेले आणि त्या देवासला मुलाकडे आल्या. धीरजनं शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत घर भाड्यानं घेतलं होतं, आणि त्यात चक्क सागवानी फळ्यांची जमीन! घरमालक उदाजीराव शेजारीच राहत. सामान उतरतानाच त्यांनी धीरजला माळवी बोलीत मनाईचा कायदा सुनावला.

"देखो भिया, पानी नी, तेल नी, पलंग घसीटना नी!" मग बाईंकडे वळून, "बाईसाहेब, भाडं महिन्याचं, लाकूड जन्माचं!"

"आणि आमच्या गौरी?"

"खुशाल बसवा. पण जमिनीला हळद लागली, तर गौरीसकट सामान बाहेर."

भादवा आला. हिंदी माहेरची सून शिखा म्हणाली, "आई, बाजारात पैरांचे स्टिकर मिळतात. चिपकवू या ना!"

"गौर चालत येते गं, चिकटून नाही."

शेवटी बाईंनी आपलं लग्नातलं नऊवारी लुगडं काढलं, दारापासून गौरीच्या जागेपर्यंत अंथरलं आणि त्यावर पावलं काढली. शिखा मुखवटा घेऊन दारात उभी राहिली.

"कोण आलं?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या... पैरांनी!"

"बरं, पैरांनी ये. पण आत ये बाई!"

तिसऱ्या दिवशी गौरींना निरोप दिला, लुगडं उचललं, आणि बाई खाली वाकल्या. विरलेल्या लुगड्यातून एक पाऊल लाकडात उतरलं होतं. ऐन दारापाशी, पाचही बोटांसकट. पदरानं पुसलं तर आणखीच लाल.

"आई, वर पायपुसणं टाकते. कोणाला कळणार?"

"गौरीच्या पावलावर पायपुसणं? जा, उदाजीरावांना बोलव. घर जायचं तर जाईल."

शिखाचा चेहरा पडला, पण ती गेली. उदाजीराव तणतणत आले, खेटरं बाहेर काढली, गुडघे कुरकुरवत बसले. अंगठ्यानं पाऊल घासलं. अंगठा तसाच तिथं ठेवून राहिले.

"बाईसाहेब, अमझेऱ्याच्या आमच्या घराच्या तुळया आहेत या. घर पडलं, तेव्हा चिरून फळ्या करवल्या. आईसाहेब या तुळयांखाली पावलं काढायच्या. तुळया कायम डोक्यावर. इतकी वर्षं गौर यांच्या खालून गेली. वरून आज चालली."

बाई लुगड्याची घडी घालत राहिल्या.

"पुसू नका," ते उठत म्हणाले. तेवढ्यात धीरज पाण्याची बादली घेऊन आला.

"ए भिया! पानी नी!"

तो थबकला. उदाजीराव निघाले आणि दाराशी, कुरकुरता गुडघा हातानं धरून, त्यांनी त्या पावलावरून पाय चांगला उंच उचलून टाकला.